बाधले की चढली?

दिवाळीच्या दिवसांत घरोघर एक वाक्य हमखास ऐकू येते. फराळाचे डबे निम्म्यावर आले, की घरातला कुणी तरी पोट धरून कोपऱ्यात बसतो आणि वडीलधारे माणूस त्याच्याकडे एकवार पाहून निकाल देते, "काही तरी बाधलं असेल." मग ओवा येतो, हिंग येतो, आणि रात्री ताक-भातावर भागवावे असे ठरते. हे 'बाधणे' क्रियापद मोठे सोयीचे आहे. चकली बाधली, तळणीचे तेल बाधले, की लागोपाठ झालेली जागरणे बाधली, याची फोड ते करीत नाही. कुणावर आरोपही ठेवीत नाही. शरीराला न मानवणारे काही तरी घडले आहे, एवढेच सांगून ते गप्प बसते.

आता त्याच माणसाबद्दल कुणी "याला चढली आहे" असे म्हटले, तर घरात केवढा गहजब होईल! वास्तविक 'चढणे' हे क्रियापद आपण किती तरी गोष्टींना लावतो. ताप चढतो, राग चढतो, सापाचे विषही चढते. पण विष हा शब्द नपुंसकलिंगी, म्हणून ते 'चढले'. आणि दारू स्त्रीलिंगी, म्हणून ती 'चढली'. कर्ता गाळून नुसते 'चढली' म्हटले, तरी त्या एका ईकारावरून ऐकणारा काय ते ओळखतो. सुपारी मात्र चढत नाही, ती लागते, ऊनही लागते. भांग चढते, अन्न बाधते, विष भिनते. शरीरात शिरून त्रास देणाऱ्या प्रत्येक पदार्थाची मराठीने अशी निरनिराळी व्यवस्था लावून ठेवली आहे. ती आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की तिचे मोल सहसा आपल्या ध्यानात येत नाही.

हे मोल ध्यानात येण्यासाठी आज दूरच्या एका शब्दाची कथा सांगणार आहे. शब्द इंग्रजी आहे आणि तो ऐकणारे लोक स्पॅनिश बोलणारे आहेत. तो शब्द म्हणजे 'इन्टॉक्सिकेटेड'. इंग्रजी शिकलेल्या कुणालाही त्याचा अर्थ विचारा. तो सांगेल, दारू प्यालेला, नशेत असलेला. अमेरिकेत हाच अर्थ पोलिसांच्या कागदावर आहे आणि न्यायालयातही आहे. स्पॅनिश भाषेत याच शब्दाचा सख्खा भाऊ आहे, 'इन्तोक्सिकादो'. चेहरामोहरा तोच, आवाज जवळजवळ तोच. पण स्पॅनिश माणूस हा शब्द उच्चारतो तेव्हा त्याच्या मनात दारूचा पेला नसतो. शिळे मांस असते, बिघडलेली मासळी असते, कोंडलेल्या खोलीतला कोळशाचा धूर असतो. मराठीत सांगायचे तर त्याला विषबाधा म्हणायची असते. आणि क्यूबाकडच्या बोलण्यात तर नुसते 'बाधले' म्हणावे इतका तो शब्द सैल आहे. दारू प्यालेल्याला स्पॅनिशमध्ये 'बोर्राचो' म्हणतात, 'एब्रियो' म्हणतात. दारू अंगावर उलटून माणूस अत्यवस्थ झाला, तर त्यालाही 'इन्तोक्सिकासियोन' म्हणतात खरे, परंतु तेव्हा 'दारूची' असे विशेषण पुढे जोडावे लागते.

मग या दोन भावांची वाट कुठे वेगळी झाली? त्यासाठी पार ग्रीकांपर्यंत मागे जायला हवे. ग्रीक भाषेत 'तोक्सोन' म्हणजे धनुष्य. धनुष्याच्या बाणाला जे विष माखायचे ते 'तोक्सिकोन', म्हणजे धनुष्याचे औषध! पुढे धनुष्य गेले, बाण गेले आणि विष तेवढे उरले. रोमनांनी हा शब्द उचलला आणि लॅटिनमध्ये 'तोक्सिकुम' म्हणजे केवळ विष झाले. इंग्रजीत धनुष्याचा मूळ अर्थ विद्वानांच्या आठवणीत मात्र राहिला. रॉजर अॅस्कम या इंग्रज पंडिताने १५४५ साली धनुर्विद्येवर पुस्तक लिहिले, त्याचे नाव 'टॉक्सोफिलस', म्हणजे धनुष्यावर प्रेम करणारा. त्या नावात विषाचा थेंबही नाही.

लॅटिनमधल्या विषावरून मध्ययुगात विष घालणे या अर्थाचे क्रियापद तयार झाले. ते स्पॅनिशमध्ये गेले आणि इंग्रजीतही आले. इंग्रजीत ते आले तेव्हा त्याचा अर्थ विष घालणे हाच होता. पुढे दारूने माणसाची बुद्धी मारली जाते ती विषासारखीच, या समजुतीने ते मद्यपानाला लावले जाऊ लागले. हळूहळू लक्षणेने मूळ अर्थाला घराबाहेर काढले. आपल्याकडे पोटभाडेकरूने मूळ मालकाला बाहेर काढावे तसाच हा प्रकार. डॉक्टरांच्या परिभाषेत मात्र जुना मालक एका खोलीत अजून टिकून आहे. एखादे औषध प्रमाणाबाहेर गेले, किंवा अगदी पाणीही अतोनात प्याले गेले, तर वैद्यकीय इंग्रजीत त्याला 'इन्टॉक्सिकेशन' म्हणतात. पण बोलण्यातला 'इन्टॉक्सिकेटेड' हा आता दारूचा आणि अमली पदार्थांचाच झाला आहे. स्पॅनिशमध्ये असे काही घडले नाही. तिथे मूळ मालकच घरात नांदतो आहे.

स्पॅनिश आणि इंग्रजी यांच्यात अशा जोड्या पुष्कळ आहेत, आणि त्यालाही कारण आहे. स्पॅनिश ही लॅटिनची मुलगी. पोर्तुगीज तिची बहीण, जिच्याकडून आपण बटाटा, साबण आणि चावी घेतली. इंग्रजीचे मूळ घराणे जर्मन वळणाचे. पण १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले, तेव्हापासून फ्रेंच आणि लॅटिन शब्दांचा लोंढा तिच्यात शिरला. त्यामुळे स्पॅनिश माणूस इंग्रजी वाचू लागतो तेव्हा पानोपानी ओळखीचे चेहरे पाहून तो सुखावतो. त्यातले बहुतेक खरोखरच नात्यातले असतात. पण काही तोतये असतात. फ्रेंच लोकांनी त्यांना फार चांगले नाव दिले आहे, 'खोटे मित्र'. १९२८ साली केसलर आणि दरोकिन्यी या दोघांनी फ्रेंच वाचकांना इंग्रजी शब्दांपासून सावध करणारे पुस्तक लिहिले. त्याच्या नावात 'खोटे मित्र' तर होतेच, शिवाय 'इंग्रजी शब्दसंग्रहाचे विश्वासघात' असेही म्हटले होते. तेव्हापासून भाषाशास्त्रात हा शब्द रुळला.

या विश्वासघातांतले काही निव्वळ गमतीचे आहेत. इंग्रजीत 'एम्बॅरस्ड' म्हणजे ओशाळलेला. स्पॅनिशमध्ये 'एम्बारासादा' म्हणजे गर्भवती. तेव्हा स्पॅनिश शिकणाऱ्या एखाद्या अमेरिकन बाईने चारचौघांत आपले ओशाळेपण सांगायला जावे आणि ऐकणाऱ्यांनी तिचे अभिनंदन करावे, असा प्रसंग येऊ शकतो. 'एग्झिट' म्हणजे बाहेर जाण्याचा दरवाजा, आणि स्पॅनिशमध्ये 'एक्सितो' म्हणजे यश. 'लायब्ररी' म्हणजे ग्रंथालय, पण 'लिब्रेरिया' म्हणजे पुस्तकांचे दुकान, जिथे पुस्तक उचलले की पैसे मोजावे लागतात.

या गमतींना पूर आणणारी एक गोष्ट तर जगभर सांगितली जाते. शेव्हरोले कंपनीने 'नोव्हा' नावाची मोटार काढली. स्पॅनिशमध्ये 'नो व्हा' म्हणजे 'चालत नाही', म्हणून मेक्सिकोत ती कुणी घेतलीच नाही, अशी ती गोष्ट. व्यापाराच्या वर्गांत ती वर्षानुवर्षे शिकवली गेली. पण ती खरी नाही. ती मोटार मेक्सिकोत आणि व्हेनेझुएलात चांगली खपली. इतकेच काय, मेक्सिकोच्या सरकारी तेल कंपनीने आपल्या पेट्रोललाही 'नोव्हा' असेच नाव दिले होते. स्पॅनिश माणसाला 'नोव्हा' म्हणजे नवा तारा आणि 'नो व्हा' म्हणजे चालत नाही, यांतला फरक आघातावरून सहज कळतो. आपण 'नवरा' आणि 'नव रा' यांत घोटाळा करीत नाही, तसेच ते आहे.

हसण्यासारखी गोष्ट अशी खोटी निघाली. खऱ्या गोष्टीत हसण्यासारखे काही नाही.

ती घडली १९८० च्या जानेवारीत, अमेरिकेच्या दक्षिण टोकाला, फ्लोरिडा राज्यात. १९५९ च्या क्यूबातील क्रांतीनंतर तिथले लाखो लोक समुद्र ओलांडून या राज्यात येऊन राहिले होते. अशाच एका क्यूबन कुटुंबातला अठरा वर्षांचा मुलगा. त्याचे डोके एकाएकी असह्य दुखू लागले आणि थोड्याच वेळात तो बेशुद्ध पडला. घाबरलेली घरची मंडळी त्याला घेऊन रुग्णालयात धावली. त्याने खाल्लेला काही तरी कच्चा-पक्का पदार्थ त्याला बाधला असावा, असे त्यांच्या मनाने घेतले होते. डॉक्टरला स्पॅनिश येत नव्हते, मंडळींचे इंग्रजी तुटपुंजे. अशा वेळी जो शब्द दोन्ही भाषांत आहे असे वाटले, तो तोंडातून निघाला: 'इन्तोक्सिकादो'.

डॉक्टरने तो ऐकला आणि त्याला तो समजला. अनर्थ झाला तो इथेच. अठरा वर्षांचे वय, बेशुद्धी, आणि सोबतचे लोक स्वतःच म्हणताहेत 'इन्टॉक्सिकेटेड'. तेव्हा मुलाने अमली पदार्थ प्रमाणाबाहेर घेतला आहे असे निदान झाले आणि त्याच दिशेने उपचार सुरू झाले. प्रत्यक्षात त्याच्या मेंदूत रक्तस्राव होत होता. दोन दिवसांहून अधिक काळ त्या निदानाखाली गेला. मेंदूच्या तज्ज्ञाने पाहिले तोवर फार उशीर झाला होता. मुलाचे प्राण वाचले, पण दोन्ही हात आणि दोन्ही पाय कायमचे गेले. पुढे नुकसानभरपाईचा दावा झाला. त्याच्या आयुष्यभराच्या शुश्रूषेचा खर्च धरून ती रक्कम सुमारे ७ कोटी १० लाख डॉलर झाली. अमेरिकेत दुभाषांच्या प्रशिक्षणात ही घटना आजही सांगितली जाते. एका शब्दाची किंमत म्हणून ती रक्कम सांगतात. पण तो मुलगा ज्या घरचा, त्या घरात किंमत डॉलरांत मोजली गेली नसणार.

या घटनेत एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. घरच्यांचा तर्कही चुकीचाच होता. मुलाला काही बाधलेले नव्हते. मग डॉक्टरला तो शब्द बरोबर कळला असता, तर काय फरक पडला असता? फरक पडला असता तो असा, की अन्न बाधलेला माणूस ओकतो, त्याचे पोट दुखते. आधी डोके फुटेल असे दुखून तो काही वेळात बेशुद्ध पडत नाही. डॉक्टरच्या मनात शंका आली असती आणि त्याने आणखी शोध घेतला असता. नशेच्या निदानात मात्र बेशुद्धी चपखल बसते. शंकेला जागाच उरली नाही.

आणि दुभाषा का बोलावला गेला नाही? याचे उत्तर मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आपल्याला काही कळलेले नाही, असे त्या खोलीत कुणालाच वाटले नाही. समजा, त्या मंडळींनी डॉक्टरच्या कानाला सर्वस्वी अपरिचित असा एखादा स्पॅनिश शब्द उच्चारला असता. डॉक्टरने हात वर केला असता, स्पॅनिश जाणणारी परिचारिका शोधली गेली असती. 'इन्तोक्सिकादो' हा शब्द पाहुण्यासारखा आला नाही, घरच्यासारखा आला, म्हणून त्याला दारात कुणी अडवले नाही.

रुग्णालयाच्या दारात असे घरचे वाटणारे शब्द आणखीही आहेत. स्पॅनिश माणूस आपण 'कोन्स्तिपादो' आहो असे म्हणतो, तेव्हा त्याला पडसे झालेले असते. इंग्रजीत 'कॉन्स्टिपेटेड' म्हणजे बद्धकोष्ठ. नाकाची तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला रेचक मिळायचे! त्याहून धास्ती वाटावी असा शब्द म्हणजे इंग्रजी 'वन्स', एकदा. तो रोमन लिपीत जसा लिहितात तसाच्या तसा एक स्पॅनिश शब्द आहे, त्याचा उच्चार 'ओन्से' आणि अर्थ अकरा. औषधाच्या बाटलीवर 'दिवसातून एकदा' या अर्थी इंग्रजीत लिहिलेला तो शब्द स्पॅनिश वाचणाऱ्याने आपल्या भाषेत वाचला, तर एक गोळी घ्यायची तिथे अकरा होतील. औषधांच्या चिठ्ठ्या दोन भाषांत छापणाऱ्यांना याची फार काळजी घ्यावी लागते.

अमेरिकेत घरी स्पॅनिश बोलणारे लोक चार कोटींहून अधिक आहेत. त्यांच्यासाठी तिथे काहीच झाले नाही असे नाही. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने राष्ट्रीय मूळ पाहून भेदभाव करायला बंदी केली, आणि भाषा न कळल्यामुळे सेवेपासून वंचित ठेवणे हाही तसाच भेदभाव, असा त्याचा अर्थ लावला गेला. २००० साली अध्यक्ष क्लिंटन यांनी त्यासाठी स्वतंत्र आदेश काढला. २०२५ साली अध्यक्ष ट्रम्प यांनी इंग्रजीला देशाची अधिकृत भाषा ठरवताना तो मागे घेतला. २०१० च्या आरोग्य कायद्याखाली २०१६ साली जे नियम झाले, त्यांत आणीबाणीखेरीज लहान मुलांना दुभाषाच्या कामाला जुंपू नये असे सांगितले गेले. हा नियम करावा लागला, कारण परदेशात जाऊन राहिलेल्या कुटुंबात इंग्रजी आधी येते ते शाळेत जाणाऱ्या पोरांना. आईच्या पोटातल्या गाठीविषयी डॉक्टर काय म्हणतात, ते दहा वर्षांच्या मुलाने आईला समजावून सांगायचे, असा प्रसंग त्या घरांत येतो.

वाचक म्हणतील, स्पॅनिश आणि इंग्रजीचे हे रडगाणे आम्हांला कशाला? तर आपल्याही दारात खोटे मित्र बसलेले आहेत, म्हणून. हिंदी आणि मराठी या तर एकाच अंगणात वाढलेल्या. लिपी एक, संस्कृत शब्द सामायिक. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, आणि आपल्याकडे शिक्षा झाली म्हणजे काय झाले ते सांगायला नको. उत्तरेकडचा एखादा मजूर मुंबईच्या रुग्णालयाबाहेर सद्गदित होऊन सांगतो, "डॉक्टर साहबने बहुत चेष्टा की." तो बिचारा डॉक्टरांच्या प्रयत्नांची शर्थ सांगत असतो, आणि मराठी कानाला वाटते, मरणाच्या दारातल्या माणसाची डॉक्टरांनी थट्टा केली! उलट बाजूही पाहा. आपली आजी डॉक्टरांना सांगते, "दोन दिवस अंगात कसर आहे." मराठीत कसर म्हणजे बारीक ताप. हिंदीत कसर म्हणजे कमतरता, उणीव. डॉक्टर उत्तरेचे असले तर ते मान डोलावतील आणि अशक्तपणावरचे औषध लिहून देतील. दोघांनाही संभाषण उत्तम झाले असेच वाटेल.

आज महाराष्ट्रातल्या रुग्णालयांत देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले तरुण डॉक्टर काम करतात. ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्यांच्यापुढे आपली माणसे जी भाषा बोलतात, ती पाठ्यपुस्तकात सापडत नाही. पायाला मुंग्या येतात, छातीत कळ येते, अंग मोडून येते, जीव घाबरा होतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. यांतल्या प्रत्येक शब्दामागे एक नेमका अनुभव आहे आणि तो मराठी माणसाला तत्काळ कळतो. 'जीव घाबरा होतो' याचा शब्दशः अर्थ घेऊन कुणी त्याला भीतीचा विकार समजला, तर कदाचित हृदयाचे दुखणे नजरेतून सुटेल.

तेव्हा करायचे काय? भाषा शिकवणारा मी. वैद्यकातले काही सांगणे माझे काम नव्हे. पण शब्दांच्या बाजूने दोन गोष्टी सांगता येतात. पहिली रुग्णाबरोबर जाणाऱ्यांसाठी. दुखण्याचे नाव सांगू नका, घडले ते सांगा. 'बाधले' म्हणण्याऐवजी सांगा, की सकाळी अमुक खाल्ले, दुपारी डोके दुखू लागले, संध्याकाळी चार वाजता शुद्ध गेली. नाव म्हणजे निदान. ते चुकू शकते आणि वाटेत त्याचा अर्थ बदलू शकतो. घटनेचा क्रम मोडक्या भाषेत सांगितला, तरी क्रमच राहतो. फ्लोरिडातल्या त्या खोलीत आधी डोकेदुखीचा उच्चार झाला असता आणि नंतर 'इन्तोक्सिकादो'चा, तर कदाचित आज ती कथा सांगावी लागली नसती.

दुसरी गोष्ट ऐकणाऱ्यांसाठी, मग तो डॉक्टर असो, कारकून असो, पोलीस असो, की शिक्षक. परक्या भाषेच्या माणसाच्या तोंडून ओळखीचा शब्द आला, की तिथेच थांबून विचारावे, "म्हणजे नक्की काय झालं?" अनोळखी शब्द आपल्याला आपण होऊन थांबवतो. ओळखीचा शब्द थांबवीत नाही. तिथे आपल्यालाच थांबावे लागते. त्याला फार तर एक मिनिट लागते. त्या मुलाच्या वाट्याला ते एक मिनिट आले नाही.